नंबरप्लेट, शोधाची चौकट आणि पोलिसाचं लॉगिन

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं सेज्विक हे जेमतेम 1600 वस्तीचं गाव. 2023 साली तिथल्या पोलीस प्रमुखाने आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या गाडीचा माग 164 वेळा काढला आणि तिच्या नव्या मित्राच्या गाडीचा 64 वेळा. हे काम तो संगणकासमोर बसून करत होता. गाडीचा नंबर टाकायचा, शोधाचं बटण दाबायचं, की गाडी कोणत्या रस्त्यावर कधी दिसली ते फोटोसह समोर यायचं. संगणक दर वेळी शोधाचं कारण विचारायचा, तेव्हा तो हरवलेलं मूल, अमली पदार्थांचा तपास असं काहीतरी लिहायचा. चार महिन्यांहून अधिक काळ हे चाललं. ठाण्यात त्याला जाब विचारणारं कोणी नव्हतं, कारण प्रमुख तोच होता. पुढे त्याची नोकरी गेली, पोलीस म्हणून काम करण्याचा परवानाही गेला. पण त्या चार महिन्यांत ती बाई कुठे राहते, कुठे जाते, कोणाला भेटते हे त्याला कळत राहिलं.

एका माणसाने केलेला हा गुन्हा म्हणून तो सोडून देता आला असता. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्याच राज्यातल्या केची गावच्या एका पोलीस अधिकाऱ्याला, वेगळ्या राहणाऱ्या बायकोवर याच पद्धतीने पाळत ठेवल्याबद्दल अटक झाली होती. त्याने वापरलेले कॅमेरे त्याच्या गावचे नव्हतेच, शेजारच्या विचिटा शहराचे होते. नोव्हेंबर 2025 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ब्रॅझलटनच्या पोलीस प्रमुखाला याच प्रकारच्या आरोपावरून अटक झाली. गावं वेगळी, माणसं वेगळी, रीत मात्र एकच. म्हणून ही यंत्रणा आतून कशी चालते, हे एकदा नीट पाहायला हवं.

आधी कॅमेरा. अमेरिकेत आज सगळ्यात जास्त दिसतो तो अटलांटाच्या फ्लॉक सेफ्टी या कंपनीचा. ही कंपनी 2017 साली सुरू झाली. रस्त्याकडेला एक काळा खांब, त्यावर छोटं सौर पॅनेल आणि त्याखाली काळा कॅमेरा, एवढाच सगळा सरंजाम. वीज ओढून आणायची नाही, रस्ता खणायचा नाही, माहिती मोबाइलच्या नेटवर्कवरून जाते. कॅमेरा विकत घ्यावा लागत नाही, वर्षाला अडीच-तीन हजार डॉलर भाड्याने मिळतो. मोठ्या शहरांनाच परवडणारी गोष्ट म्हणून सेज्विकसारखी गावं पूर्वी यापासून लांब असायची, ती या भाड्याच्या सोयीमुळे आत आली. मूळ तंत्र काही नवं नाही. ब्रिटनच्या पोलीस खात्याच्या वैज्ञानिक शाखेने नंबरप्लेट वाचणारं यंत्र 1976 सालीच तयार केलं होतं. नवं आहे ते त्याचं स्वस्त होणं, वाचलेलं साठवून ठेवणं आणि गावोगावची साठवण एकमेकांना जोडणं.

गाडी कॅमेऱ्यासमोरून गेली की हालचाल ओळखून तो जागा होतो आणि मागच्या बाजूने फोटो टिपतो. नंबरप्लेटला प्रकाश परतवणारा लेप असतो. कॅमेऱ्यातून निघणारे अवरक्त किरण त्यावर पडले की अंधारातही अक्षरं उठून दिसतात. मग सॉफ्टवेअर त्या फोटोत प्लेटचा चौकोन शोधतं, एकेक अक्षर सुटं करतं आणि ते अक्षर कोणतं असावं याचा अंदाज बांधतं. हा अंदाज असतो हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. नंबराबरोबर गाडीचा रंग, बनावट, टपावरचं कॅरिअर, मागे चिकटवलेला स्टिकर हेही नोंदवलं जातं, त्यामुळे नंबर माहीत नसला तरी ‘मागे अमुक स्टिकर असलेली पांढरी गाडी’ एवढ्यावरही शोध घेता येतो. निवडणुकीतल्या उमेदवाराचा किंवा एखाद्या चळवळीचा स्टिकर मालकाने हौसेने लावलेला असतो. यंत्राच्या दृष्टीने ती गाडीची खूण होते.

अशी तयार झालेली नोंद दोन वाटांनी जाते. पहिली वाट इशाऱ्याची. चोरीच्या गाड्या, हव्या असलेल्या आरोपींच्या गाड्या, अपहरण झालेल्या मुलांच्या प्रकरणातल्या गाड्या यांची एक यादी असते. पोलीस तिला हॉटलिस्ट म्हणतात. वाचलेला नंबर त्या यादीशी ताडून पाहिला जातो आणि जुळला तर जवळच्या गस्तीच्या गाडीत काही सेकंदांत इशारा वाजतो. या वाटेने चोरलेल्या गाड्या सापडतात, पळवून नेलेली मुलंही सापडली आहेत, आणि ज्यांची ती असतात त्यांच्या दृष्टीने याचं मोल मोठं आहे. ते नाकारून या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पण याच वाटेवर आधी सांगितलेला अंदाज चुकतो. मार्च 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रात्रीच्या वेळी गस्तीच्या गाडीवरच्या कॅमेऱ्याने एका गडद लाल लेक्सस गाडीच्या नंबरातला 3 हा 7 असा वाचला. तसा नंबर असलेली गाडी चोरीची म्हणून नोंदलेली होती, पण ती होती राखाडी रंगाचा जीएमसी ट्रक. अंधारामुळे पडद्यावरचा फोटो धूसर आला होता. त्या पोलिसांच्या गाडीत आधीच एक आरोपी बसवलेला होता, म्हणून त्यांनी फक्त बिनतारी संदेश दिला. पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने लेक्सस अडवली. प्लेट पुन्हा वाचून पाहायला त्याला थोडा वेळ मिळाला होता, तरी त्याने ती पूर्ण वाचली नाही. गाडीत 47 वर्षांच्या एक कृष्णवर्णीय बाई एकट्याच होत्या. चार-सहा पोलिसांनी त्यांच्यावर बंदुका रोखल्या, गुडघ्यांवर बसायला लावलं, बेड्या घातल्या. त्यांच्या गुडघ्यांना आधीपासून दुखणं होतं. गाडीची, अंगाची झडती झाली आणि मग कोणीतरी नंबर नीट वाचला. त्यांनी शहरावर भरलेला खटला 2014 साली वरिष्ठ संघराज्य न्यायालयाने पुन्हा उभा केला. खातरजमा न केलेला कॅमेऱ्याचा इशारा हे माणसाला अडवून ठेवायला एकटं पुरेसं कारण नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शहराने शेवटी 4 लाख 95 हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं.

कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात 2 ऑगस्ट 2020 रोजी याहून वाईट घडलं, आणि तिथे यंत्राने नंबर बरोबर वाचला होता. एक बाई घरातल्या चार मुलींना घेऊन बाहेर पडल्या होत्या. मुलींची वयं 6, 12, 14 आणि 17. त्यांच्या गाडीचा नंबर चोरीच्या यादीत आहे असा इशारा आला. चोरीला गेलेली होती मोंटाना राज्यातली मोटारसायकल, तिचा नंबर योगायोगाने तोच होता. राज्य वेगळं, वाहन वेगळं, समोर चारचाकी उभी आहे हे डोळ्यांना दिसत होतं. तरी बंदुका निघाल्या. ऑगस्टच्या उन्हात तापलेल्या डांबरावर मुलींना पालथं झोपवलं आणि त्यांतल्या दोघींना बेड्या घातल्या. मुली हंबरडा फोडून रडताहेत असा तिथल्याच कोणीतरी काढलेला व्हिडिओ जगाने पाहिला. 2024 साली शहराने त्या कुटुंबाला 19 लाख डॉलर दिले. एक नजर टाकली असती तर टळलं असतं, असं दोन्ही प्रकरणांत म्हणता येतं. पण यंत्राने ‘चोरीची’ म्हटलं की माणसाची नजर तीच गोष्ट शोधायला लागते. पडद्यावरचा शब्द पोलिसाने आधी मानलेला असतो आणि मग तो गाडीकडे पाहतो. गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये गस्तही जास्त असते, त्यामुळे हा भुर्दंड सगळ्यांना सारखा पडत नाही.

आता दुसरी वाट, साठवणीची. ज्यांचा कोणत्याही यादीशी संबंध नाही अशा गाड्यांचं काय होतं? त्याही नोंदल्या जातात आणि राहतात. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी फेब्रुवारी 2020 मध्ये या कॅमेऱ्यांवर अहवाल काढला. लॉस एंजेलिस पोलिसांकडे तेव्हा 32 कोटी फोटो साठलेले होते आणि त्यांतले 99.9 टक्के फोटो टिपले तेव्हा कोणत्याही यादीत नसलेल्या गाड्यांचे होते. म्हणजे 1000 फोटोंपैकी 999 अशा लोकांचे, ज्यांच्यावर कसलाही संशय नव्हता. आणि ते किमान 5 वर्षं ठेवले जात होते.

एकेका फोटोत काही नसतं. माझी गाडी मंगळवारी सकाळी पुलावरून गेली यात लपवण्यासारखं काय, असं कोणीही म्हणेल. व्हर्जिनियातल्या नॉरफोक शहरात असे 172 कॅमेरे बसवले गेले आणि 2024 मध्ये दोन रहिवाशांनी शहराविरुद्ध खटला भरला. खटल्याच्या ओघात त्यांच्या स्वतःच्या गाड्यांच्या नोंदी बाहेर आल्या. 19 फेब्रुवारी ते 2 जुलै 2025 या काळात एकाची गाडी 526 वेळा टिपली गेली होती, दुसरीची 849 वेळा. दिवसाला सरासरी चारदा आणि सहादा. एवढ्या नोंदी ओळीने लावल्या की घरून निघायची वेळ, कामाची जागा, मुलांची शाळा, रविवारचं चर्च, दर गुरुवारी जायचं ते दवाखान्याचं दार हे सगळं न विचारता कळतं. आणि नेमका मोडलेला दिवसही कळतो. नेहमी सातला घरी येणारी गाडी त्या दिवशी रात्रभर दुसऱ्या वस्तीत का होती, हे पाहणाऱ्याला आपसूक विचारता येतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एका गाडीबरोबर वारंवार दिसणाऱ्या दुसऱ्या गाड्या काढून देणारा शोधही आहे. टोळीने चोऱ्या करणाऱ्यांना पकडायला तो उपयोगी, आणि कोण कोणाबरोबर हिंडतं हे काढायलाही तितकाच.

अमेरिकन न्यायालयांचा जुना दंडक असा की, सार्वजनिक रस्त्यावर जे कोणालाही दिसतं ते पोलिसाने पाहिलं तर त्यात झडती होत नाही. नंबरप्लेट लोकांना दिसावी म्हणूनच असते. पण 2018 साली कार्पेंटर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलच्या टॉवरवरून मिळालेल्या 127 दिवसांच्या हालचालींच्या नोंदी वॉरंटशिवाय घेणं घटनाबाह्य ठरवलं. सुटी गोष्ट आणि तिचा महिनोन् महिने साठत गेलेला ढीग या कायद्याच्या दृष्टीनेही वेगळ्या वस्तू आहेत, एवढं त्यातून स्पष्ट झालं. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचा ढीग किती मोठा झाला की हीच रेषा ओलांडली जाते, यावर तिथे खटले भरले जातात ते यामुळे.

फ्लॉकच्या नोंदी साधारणपणे 30 दिवस राहतात, नंतर पुसल्या जातात. ऐकायला हे कमी वाटतं. आता न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा पाहा. यादीशी न जुळलेली नोंद तिथे 3 मिनिटांत पुसावी लागते. 3 मिनिटांत यादीशी ताडून पाहणं सहज होतं, कारण ते काम सेकंदांचं आहे. म्हणजे चोरीची गाडी पकडायला बाकीच्यांच्या नोंदी ठेवाव्याच लागत नाहीत. 30 दिवस ठेवणं हा यंत्राचा गुण नाही, कोणीतरी केलेली निवड आहे. मला या साऱ्या विषयात ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. कॅमेऱ्यांच्या बाजूने सांगितली जाणारी जवळजवळ प्रत्येक चांगली गोष्ट पहिल्या वाटेवरची असते, आणि सेज्विकच्या त्या बाईला जे भोगावं लागलं ते दुसऱ्या वाटेने आलं.

त्या दुसऱ्या वाटेच्या टोकाला शोधाची चौकट आहे. ती दिसायला अगदी साधी. गाडीचा नंबर किंवा त्याचा काही भाग, तारखेपासून तारखेपर्यंत, कोणाचे कॅमेरे पाहायचे, आणि कारण. वॉरंट लागत नाही, न्यायाधीशाला विचारावं लागत नाही, वरिष्ठाची सही लागत नाही. कारणाच्या रकान्यात ‘तपास’ एवढा एक शब्द लिहूनही शोध पुढे गेलेले आहेत. संगणकाला ते कारण खरं की खोटं हे कळत नाही, तो फक्त रकाना रिकामा नाही ना एवढं पाहतो.

कोणाचे कॅमेरे पाहायचे, हा त्यातला सगळ्यात मोठा रकाना. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन वहीत नाव, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून घेतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. त्या एका सोसायटीपुरतीच ती वही असते. देशातल्या सगळ्या सोसायट्यांच्या वह्या एकत्र शिवल्या आणि कोणत्याही फाटकावरच्या वॉचमनला ती अख्खी चोपडी चाळायची मुभा दिली, तर ती वही राहत नाही. फ्लॉकमध्ये एखादं गाव आपले कॅमेरे इतर पोलीस खात्यांना खुले करतं आणि बदल्यात त्यांचे कॅमेरे त्याला खुले होतात. मे 2025 मध्ये टेक्सासमधल्या जॉन्सन काउंटीच्या शेरीफ कार्यालयातून एका बाईचा शोध घेतला गेला. तिने घरी गर्भपात केला होता. शोध देशभरच्या 83 हजारांहून अधिक कॅमेऱ्यांवर चालला. त्यांत गर्भपात कायदेशीर असलेल्या वॉशिंग्टन आणि इलिनॉय राज्यांतले कॅमेरेही होते. कारणाच्या रकान्यात गर्भपाताचा स्पष्ट उल्लेख होता. आपण तिच्या जिवाच्या काळजीने तिला शोधत होतो, असं शेरीफने सांगितलं. नंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांत हे प्रकरण मृत्यूचा तपास म्हणून नोंदलेलं आढळलं, आणि तिच्यावर गुन्हा दाखल करता येईल का अशी विचारणा सरकारी वकिलांकडे केलेलीही दिसली.

यातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पुढेच आहे. इलिनॉयमधल्या एखाद्या गावच्या नगरसेवकांनी गाडीचोरांसाठी कॅमेरे बसवले. त्यांच्या राज्याने गर्भपाताच्या आणि स्थलांतरितांच्या प्रकरणांत ही माहिती बाहेर द्यायला कायद्याने बंदी घातली, 1 जानेवारी 2024 पासून. तरीही हजार मैलांवरच्या शेरीफने त्यांच्या रस्त्यावर शोध घेतला, आणि तो घेतला जात असताना त्या गावात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. 2025 मध्येच पत्रकारांनी मिळवलेल्या नोंदींवरून हेही दिसलं की, ज्या संघराज्य इमिग्रेशन खात्याशी फ्लॉकचा थेट करार नव्हता, त्याच्यासाठी स्थानिक पोलीस आपल्या लॉगिनवरून हजारो शोध घेत होते. इलिनॉयच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या तपासणीत ऑगस्ट 2025 मध्ये सीमा सुरक्षा खात्याला इलिनॉयची माहिती मिळाल्याचं उघड झालं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाही. व्हिसाची मुदत, नोकरी गेल्यावरचे मोजके दिवस, अर्जाची वाट पाहणं हे ज्यांच्या घरात रोजचं आहे, त्यांच्या गाड्याही याच कॅमेऱ्यांखालून जातात.

इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या नागरी हक्क संस्थेने अशा 1 कोटी 20 लाख शोधांच्या नोंदी तपासून नोव्हेंबर 2025 मध्ये निष्कर्ष मांडले. 50 हून अधिक पोलीस खात्यांनी निदर्शनांच्या संदर्भात शोध घेतलेले त्यात सापडले. काही खात्यांनी रोमा समाजाच्या लोकांबद्दल हीन शब्द कारणाच्या रकान्यात लिहून शोध घेतले होते. विशिष्ट व्यक्ती नाही, विशिष्ट गुन्हा नाही, फक्त वंश. हे लपूनछपून चाललं नव्हतं. पोलिसांनी ते स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

कॅमेरे कुठे लावायचे हेही याच मानसिकतेतून ठरू शकतं. ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये 2010 साली स्पार्कब्रूक आणि वॉशवुड हीथ या बहुसंख्य मुस्लिम वस्त्यांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे लावले गेले. त्यांतले बरेच नंबरप्लेट वाचणारे होते आणि काही लपवलेले. रहिवाशांना सांगितलं होतं की हे रस्त्यावरचे गुन्हे कमी करायला आहेत, पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतून आला होता. हे उघड झाल्यावर एवढा क्षोभ झाला की कॅमेऱ्यांवर आधी पिशव्या चढवाव्या लागल्या आणि 2011 मध्ये ते काढून टाकावे लागले. न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही 2001 च्या हल्ल्यानंतर मशिदींजवळच्या गाड्यांचे नंबर या यंत्राने टिपले होते. नमाजाला आलेल्यांची यादी करायला पोलिसाला कोणाला नाव विचारावं लागलं नाही.

नागरिकावर होणारा परिणाम प्रत्येक वेळी बंदुकीच्या टोकाने येत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये डेन्व्हर भागातल्या एका बाईंच्या दारात पोलीस उभा राहिला. शेजारच्या गावातून पार्सल चोरीला गेलं होतं, त्या वेळी त्यांची गाडी त्या गावात आल्याचं कॅमेऱ्यांत दिसलं होतं, त्यावरून त्याने चोरीचं समन्स त्यांच्या हातात ठेवलं. त्या म्हणत होत्या की मी निर्दोष असल्याचे पुरावे दाखवते, पण तो ऐकेना. मग त्यांनीच आपल्या गाडीच्या कॅमेऱ्यांचं चित्रण, फोनमधलं ठिकाण आणि वेळ सगळं जमवून पोलीस प्रमुखाकडे पाठवलं, तेव्हा समन्स मागे घेतलं गेलं. त्यांची गाडी महागडी आणि चहूबाजूंनी कॅमेरे असलेली होती म्हणून पुरावा हाताशी होता. जुनी गाडी चालवणाऱ्या माणसाकडे काय असतं? गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची, हे तत्त्व पुस्तकात तसंच राहतं आणि दारात उभं राहिल्यावर उलटं होतं. आणि जे कोणाच्याही नजरेला येत नाही ते असं की, काही माणसं एखाद्या सभेला, वकिलाकडे, समुपदेशकाकडे गाडी घेऊन जाणंच सोडून देतात. त्याची नोंद कोणताही कॅमेरा करत नाही.

यावर कंपनीचं आणि पोलिसांचं ठरलेलं उत्तर असतं की, प्रत्येक शोधाची नोंद राहते, म्हणून गैरवापर पकडला जातो. अर्ध्यापुरतं ते खरं आहे. कोणी, कधी, कोणता नंबर, कोणत्या कारणाने शोधला हे खरोखर लिहिलं जातं. सेज्विकचे 228 शोध आपल्याला त्यामुळेच मोजता येतात. पण नोंद कोणालाही थांबवत नाही. ती कोणीतरी वाचावी लागते, आणि वाचणारा त्याच ठाण्यातला, त्याच माणसाच्या हाताखालचा असेल तर ती कपाटात पडून राहते. असोसिएटेड प्रेसने 2016 साली पोलिसांच्या निरनिराळ्या डेटाबेसच्या गैरवापराचा शोध घेतला, तेव्हा 2013 ते 2015 या तीन वर्षांत 325 हून अधिक वेळा पोलिसांना आणि कर्मचाऱ्यांना त्यापायी नोकरीतून काढलं गेलं, निलंबित केलं गेलं किंवा त्यांनी राजीनामे दिले, असं आढळलं. हे सगळे पकडले गेलेले. त्यांत माजी जोडीदारांचा, शेजाऱ्यांचा, पत्रकारांचा माग काढलेला होता.

काही ठिकाणी याला लगामही बसला आहे. व्हर्जिनियाने जुलै 2025 पासून साठवण 21 दिवसांवर आणली आणि शोध कशासाठी घेता येईल हे कायद्यात लिहिलं. टेक्सासमधल्या ऑस्टिनने 2025 मध्ये करार संपू दिला, शिकागोजवळच्या ओक पार्कने करार रद्द केला. या दोन्ही ठिकाणी लोक नगरपालिकेच्या बैठकीत उठून बोलले म्हणून हे घडलं, आणि त्यांना बोलता आलं कारण शोधांच्या नोंदी माहितीच्या कायद्याखाली मिळाल्या होत्या.

हे कॅमेरे आपल्याकडेही आले आहेत. महाराष्ट्रात मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नंबर वाचणारे कॅमेरे 2024 पासून चलान पाठवत आहेत, शहरांतल्या चौकांत तर त्याआधीपासून. आपला नंबर दुसऱ्याच गाडीवर लावलेला असल्यामुळे कधीही न गेलेल्या गावातलं चलान घरी आलेले लोक आपल्या ओळखीत सापडतात. ऑरोरातला घोटाळा आपल्याकडे अजून तरी दंडाच्या पावतीपुरता येतो, एवढाच फरक. लॉगिनच्या बाजूचा अनुभवही आपल्याला आहे. 2018 साली ठाणे पोलिसांनी मोबाइलच्या कॉल नोंदी विकणारी खासगी गुप्तहेरांची साखळी उघडकीला आणली. या नोंदी कायद्याने फक्त तपास यंत्रणांना मिळतात. नवरा-बायकोंच्या भांडणांत, धंद्यातल्या चढाओढीत त्या पैसे मोजून मिळत होत्या, आणि त्या प्रकरणात एका पोलीस शिपायालाही अटक झाली होती. पकडणारेही पोलीसच होते, हे आवर्जून सांगायला हवं.

मोटार वाहन नियमांतला नियम 167-अ अशा कॅमेऱ्यांबद्दल बोलतो. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं, कॅमेरा असलेल्या रस्त्यावर आधी सूचनाफलक हवा, नोटीस 15 दिवसांत जायला हवी, चलानाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपायला हवी. हे सगळं नियम मोडणाऱ्याबद्दल आहे. ज्याने नियम मोडलेलाच नाही त्याच्या फोटोचा प्रश्न त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, पण 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 17 मध्ये गुन्हे रोखण्याच्या आणि तपासाच्या कामाला बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, शिवाय केंद्र सरकारला एखाद्या सरकारी यंत्रणेला जवळजवळ संपूर्ण कायद्यातून वगळताही येतं.

तेव्हा हे प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतील. आपल्या शहरात असे कॅमेरे बसवण्याचा ठराव येईल तेव्हा नगरसेवकाला, आणि बसल्यानंतर माहिती अधिकाराच्या अर्जात पोलीस आयुक्तालयाला. किती कॅमेरे आणि किती खर्च, हे बातमीत आपोआप येतं. विचारायचं ते असं की, कोणत्याही यादीशी न जुळलेल्या गाडीची नोंद किती दिवसांनी पुसली जाते. शोधाचं लॉगिन किती जणांकडे आहे, आणि बदली झालेल्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद होतं का. कॅमेरे पुरवणारी कंपनी ती माहिती आणखी कोणाला दाखवू शकते. शोधांची तपासणी कोण करतं, ते ठाण्याबाहेरचं आहे का, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली.